बुटांवरची जकात

इशबेलचं पार्सल येणार म्हटलं की लॉर्नाच्या पोटात आधीच दुखायला लागायचं. धाकटी इशबेल टोरांटोत, थोरली लॉर्ना आईपाशी, कॅनडाच्या पूर्व टोकाला, केप ब्रेटन बेटाच्या किनाऱ्यावरच्या जुन्या घरात. आईच्या गोळ्या, आईचा दुखरा उजवा गुडघा, डॉक्टरकडच्या खेपा, दारातल्या पायऱ्यांवरचा बर्फ, तळघरात शिरलेलं पाणी, सगळं लॉर्नाच्या गळ्यात. आणि गावभर तोंडभरून कौतुक कुणाचं, तर वर्षातून एकदा आईच्या वाढदिवसाला इंग्लंडच्या दुकानातून नाचाचे बूट मागवणाऱ्या इशबेलचं.

आई, म्हणजे एफी, एके काळी गावच्या हॉलमधली नावाजलेली नाचणारी. आता ती खुर्चीतच बसायची, पण शनिवारी फिडल, म्हणजे तिथलं व्हायोलिन, सुरू झालं की तिला पायात खणखणीत टाचेचे बूट हवेतच. लॉर्नाने एकदा दोन तास गाडी हाकत जाऊन तिला असे बूट आणले होते. आईने ते घालून जमिनीवर चार वेळा पाय आपटला आणि म्हणाली, "छान आहेत गं. पण टाच बोलत नाही यांची." ते बूट पलंगाखाली गेले ते गेलेच. इशबेलच्या बुटांची टाच मात्र पहिल्या दिवसापासून बोलत होती.

इशबेल काय करायची, तर घरबसल्या बटण दाबायची आणि 'पाठवणी मोफत' असं वाचून स्वतःवर खूश व्हायची. परदेशातून आलेल्या बुटांवर सरकारची जकात, तिच्यावर विक्रीकर, शिवाय कागदपत्रं केल्याची कुरिअरवाल्यांची वेगळी फी, हे सगळं दारात वसूल होतं, आणि दारात असायची लॉर्ना. दुकान इंग्लंडचं असलं तरी बूट शिवलेले असायचे भलत्याच देशात, त्यामुळे इंग्लंडच्या मालाला मिळणारी सवलतही हुकायची. दोन वर्षं लॉर्नाने पदरमोड केली आणि चकार शब्द काढला नाही. कुणीतरी आपणहून विचारावं अशी तिची इच्छा होती. कुणी विचारलं नाही.

यंदा कुरिअरचा अ‍ॅलेक दारात आला तेव्हा आई शेजारणीकडे केस कापून घ्यायला गेली होती.

"पुन्हा बूट," अ‍ॅलेक म्हणाला. "ऐंशी डॉलर आणि वर थोडे सुटे."

"गेल्या वर्षी साठ होते."

"यंदा भारीतले दिसतायत. धाकटीचं प्रेम वाढलंय म्हणायचं."

लॉर्नाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. प्रेम वाढणार तिचं आणि जकात वाढणार माझी. "आणि नाही भरले तर?"

"नको म्हणून सही करायची, पार्सल जातं परत. पण एफीमावशी वाट बघतायत ना? परवा हॉलमध्ये सगळ्यांना सांगत होत्या, माझी इशबेल बूट पाठवतेय म्हणून."

माझी इशबेल. आईने आपल्याला कधी 'माझी लॉर्ना' म्हटल्याचं लॉर्नाला आठवेना. ती नुसती लॉर्ना, शेगडीवरच्या किटलीसारखी, जागच्या जागी असलेली.

"आण, सही करते," ती म्हणाली. "नकोय आम्हाला."

अ‍ॅलेकने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि खोका परत गाडीत टाकला.

त्या दिवशी लॉर्नाला हलकं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून आई खिडकीशी बसायला लागली. "अ‍ॅलेकची गाडी येऊन गेली का गं?" ती विचारायची, आणि लॉर्ना बटाटे सोलता सोलता म्हणायची, "गेली असेल." यंदा इशबेलचं कौतुक होणार नाही याचं तिला बरं वाटायचं, आणि आईला खिडकीशी बसलेली बघून स्वतःचा रागही यायचा. दोन्ही एकदम.

वाढदिवसाच्या सकाळी इशबेलचा फोन आला. आईला ऐकू कमी येतं म्हणून लॉर्नानेच तो नेहमीसारखा मोठ्या आवाजावर ठेवला.

"आई, बूट परत का पाठवलेस? दुकानाने कळवलंय, घरच्यांनी घ्यायला नकार दिला."

ओटच्या पिठाच्या केकला लोणी लावता लावता लॉर्नाने सुरी खाली ठेवली. आईने एकदाच तिच्याकडे पाहिलं.

"मीच नको म्हटलं," आई फोनला म्हणाली.

"अगं पण का?"

"दारात ऐंशी डॉलर मागत होते."

"कसले? पाठवणी मोफत होती."

"पाठवणी मोफत असेल, बाई. घेणं मोफत नाही. गेल्या दोन्ही वेळेला लॉर्नाने भरलेत."

इशबेल म्हणाली, "मग ती बोलली का नाही?"

"ती कधी बोलते? ती तोंड फुगवते."

"लॉर्ना, ऐकतेयस ना? किती झाले सांग, आत्ताच्या आत्ता पाठवते."

"नकोत मला तुझे पैसे," लॉर्ना म्हणाली आणि फोन बंद केला.

"तुला कधीपासून माहीत होतं?" लॉर्नाने विचारलं.

"पहिल्या वर्षापासून. अ‍ॅलेकच्या पोटात काही राहतं का? यंदाचंही त्यानेच सांगितलं."

"आणि तरी खिडकीत बसत होतीस?"

"तू कधी बोलतेस ते बघत होते. मीही आधीच विचारायला हवं होतं."

लॉर्नाला आता थांबवेना. "तू तिला माझी इशबेल म्हणतेस. मला नाही म्हणत कधी."

"जी लांब गेली तिला माझी म्हणावं लागतं गं. तू तर आहेसच."

"आहेच म्हणजे? भिंत आहे मी?"

आईने तिला गेल्या वर्षीचे बूट आणायला लावले, मांडीवर फडकं घेतलं आणि दोन्ही बूट चमकेपर्यंत घासले. मग म्हणाली, "डावा तिचा, उजवा तुझा. आज हॉलमध्ये सगळ्यांना असंच सांगणार."

आणि तिने खरोखरच सांगितलं. केक कापताना, चहा घेताना, जो भेटेल त्याला पाय पुढे करून दाखवला. लोक हसले, लॉर्ना लाजली, आणि आतून सुखावली.

मग फिडल सुरू झालं. आई खुर्चीत बसून ताल धरायला लागली. चहाचा कप हातात धरून लॉर्ना बघत होती. आई डावा पाय आपटत होती. पहिली धून संपली, दुसरी सुरू झाली, तरी डावाच. इशबेल इथून हजार मैलांवर, आणि तरी वाजतेय तीच. उजवा गुडघा दुखतो हे लॉर्नाइतकं कुणाला माहीत असणार, त्याला दर आठवड्याला डॉक्टरकडे नेणारी तीच. तरीही तिचा जळफळाट थांबेना.

आईने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. काय पाहिलं कोण जाणे, तिने डावा पाय थांबवला, ओठ घट्ट मिटले, आणि उजवा उचलून जमिनीवर आपटला. मग परत एकदा. तिच्या कपाळावर घाम आला होता.

लॉर्नाने कप कुठेतरी ठेवला, जाऊन आईच्या खुर्चीपाशी खाली बसली आणि तिच्या उजव्या गुडघ्यावर हात ठेवला.

"राहू दे, आई," ती म्हणाली. "डाव्यानेच वाजव."