डिझेल उतरलं, पेट्रोल चढलं

घाटावरच्या सफरचंदाच्या बागा फुलायला अकरा दिवस उरले होते आणि नेमकं तेव्हाच ट्रकचं इंजिन गेलं.

गेलं म्हणजे धडामधूम असं काही झालं नाही. बाबांनी नेहमीप्रमाणे सकाळी तेल बघायची काडी ओढली, तर काळ्या तेलाऐवजी तिच्यावर दुधाळ चहासारखा थर चढलेला. तेलात पाणी शिरलं होतं. बोनेटखाली डोकं घालून त्यांनी टॉर्च फिरवला, तेव्हा इंजिनाच्या ब्लॉकवर बोटभर लांब भेग दिसली. टॉर्च न विझवताच ते पायरीवर येऊन बसले.

एकतीस वर्षं त्यांनी हाच एक ट्रक चालवला होता. आधी त्यातून विटा वाहिल्या, मग लोकांची बिऱ्हाडं हलवली, आणि गेली सहा वर्षं धाकट्या मुलीच्या मधपेट्या. धाकटी मधपाळ होती. चाळीस पेट्या घेऊन ती फुलांच्या मागे फिरायची, आणि ट्रक कुठे लावायचा यावरून रोज बापलेकीचं वाजायचं. या वर्षी पहिल्यांदाच घाटावरच्या मोठ्या बागेनं तिला बोलावलं होतं. बहर दहा-बारा दिवसांचा. एकदा झडला की संपलं.

"दुसरं इंजिन बघू," धाकटी म्हणाली.

"बघ की," बाबा म्हणाले. "हे इंजिन बनवणारेही आता रिटायर झालेत."

तिनं दिवसभर फोन केले. इंजिनाचा नंबर सांगितला की पलीकडचा माणूस आधी हसायचा आणि मग नाही म्हणायचा.

संध्याकाळी थोरली घरी आली ती जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत. थोरली टर्नर होती. रस्त्याच्या टोकाला असलेल्या वर्कशॉपमध्ये लेथ चालवायची आणि घरी आली तरी तिच्या केसांत लोखंडाची एखादी बारीक कुरळी चीप अडकलेली असायची.

"भंगारमामांकडे इंजिन आलंय!" चप्पल काढायच्या आधीच ती म्हणाली. "अँब्युलन्सचं! गाडी गंजून चाळण झालीये, पण इंजिन असं ठेवलंय की बघत राहावं. मामांनी माझ्यासमोर चालू केलं. अर्ध्या सेल्फला उठलं, बाबा!"

"डिझेल ना?"

"पेट्रोल."

बाबांनी हातातला घास ताटात परत ठेवला. "डिझेलच्या ट्रकला पेट्रोलचं इंजिन? उद्या बैलगाडीला घोडा जुंप."

"जुंपते की. पळेल तरी."

"चाळीस पेट्या घेऊन घाट चढायचाय. जोर कुठून आणणार?"

"जोर त्यालाही आहे. फक्त डिझेलचा जोर खाली असतो, याचा वरच्या फेऱ्यांना. याला पळवावं लागतं. आणि अँब्युलन्सचं इंजिन आहे ते, त्याला घाईची सवय आहे."

धाकटी खुदकन हसली. बाबा हसले नाहीत, पण नाही असंही म्हणाले नाहीत. आईनं ताटात भाजी वाढता वाढता निकाल दिला, "हवं ते बसवा, पण त्याचा एकही तुकडा माझ्या ओट्यावर दिसता कामा नये."

दुसऱ्या दिवशी भंगारमामा हातगाडीवर इंजिन घेऊन स्वतःच आले. बदल्यात त्यांना जुनं डिझेल हवं होतं. "वजनाला तुमचंच भारी," ते खुशीत म्हणाले. वर्कशॉपच्या मालकानं मागची शेड आठ दिवस वापरायला दिली. थोरलीनं रजा टाकली. नोंदणीच्या कागदांवर इंधन बदलून घ्यायला धाकटीनं सरकारी कचेरीत चकरा सुरू केल्या आणि उरलेल्या वेळात ती ताईच्या हाताखाली उभी राहिली.

बाबा खुर्ची टाकून शेडच्या दारात बसले. हातभार लावायला नव्हे, नुसते बघायला.

जुनं इंजिन चेनकप्पीला टांगून वर ओढलं आणि एक गंमत झाली. साखळी जसजशी ताणत गेली तसतसं ट्रकचं नाक वर येऊ लागलं. करकर करत स्प्रिंगचे पाटे मोकळे झाले. एकतीस वर्षं वाकून चाललेल्या माणसानं पाठ सरळ करावी तसा ट्रक उभा राहिला.

"चार बोटं उचलला!" धाकटी ओरडली.

"इंजिन नसल्यावर उचलणारच," बाबा दारातून म्हणाले. पण उठून आले, आणि पुढच्या चाकावरच्या मोकळ्या जागेत त्यांनी स्वतःची चार बोटं घालून पाहिली.

नवं इंजिन निम्म्या वजनाचं होतं. ते आत उतरलं सहज, पण बसेना. गिअरबॉक्स ट्रकचा, इंजिन अँब्युलन्सचं, एकाची भोकं दुसऱ्याच्या भोकांसमोर येईनात. हे थोरलीला आधीपासून ठाऊक होतं. दोघांच्या मध्ये बसेल अशी एक जाड पोलादी प्लेट ती बनवणार होती. तिला एका बाजूला इंजिनाची भोकं, दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्सची. तिनं दोन्हीकडचे ठसे पुठ्ठ्यावर घेतले, दीड दिवस लेथ आणि ड्रिलपाशी घालवला, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी ती चकचकीत प्लेट दोन्ही हातांत आरशासारखी धरून शेडमध्ये आली.

प्लेट इंजिनाला झक्क बसली. गिअरबॉक्स पुढे सरकवला, आणि त्याचा दांडा इंजिनाच्या तोंडाशीच अडला. परत मागे घेतला, हलवला, उचलला. अडलाच. धाकटीनं हातोडीकडे हात नेला.

"खबरदार!" थोरली कडाडली. तिनं बारीकसा फरकही दाखवणारा डायल गेज लावला, इंजिन हातानं फिरवत काट्याकडे बघत राहिली, आणि तिचा चेहरा उतरला. "अर्ध्या सुताचा फरक आहे. पुठ्ठा ताणला गेला असणार. माझीच चूक. मी पुठ्ठ्यावर विसंबले."

"अर्धं सूत म्हणजे केवढंसं ते," धाकटी म्हणाली.

"तेवढ्यात क्लच खाऊन टाकेल तो. सूत जुळायचं तर पुरतं जुळायला हवं."

आठ दिवस उरले होते. दुसऱ्या प्लेटसाठी पोलादाचा तुकडा वर्कशॉपमध्ये नव्हता. थोरली हातातली प्लेट घेऊन उभी राहिली, आणि तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाबा बाहेर पडले. अर्ध्या तासानं परतले ते भंगारमामांच्या हातगाडीसह, आणि गाडीवर कुठल्यातरी पुलाच्या सांगाड्यातून कापलेली, तसल्या चार प्लेटा निघतील एवढी पोलादी पट्टी.

"ही घे," ते म्हणाले. "आणि या वेळी पुठ्ठा नको."

या वेळी थोरलीनं एकेक भोक गेज लावून मोजलं. इंजिनाच्या मागच्या टोकात गिअरबॉक्सचा दांडा फिरायला एक छोटा पितळी बुश लागतो, तोही तिनं लेथवर नव्यानं कातला. माप घ्यायच्या वेळी बाबा टॉर्च धरून उभे राहायचे आणि श्वाससुद्धा जपून घ्यायचे. पाचव्या दिवशी गिअरबॉक्स पुन्हा पुढे सरकला. दांडा आत शिरला, मऊसूत, लोण्यात सुरी जावी तसा, आणि टक् असा एक समाधानी आवाज करून प्लेटला टेकला.

तिघं एकमेकांकडे बघत राहिली. मग धाकटीनं अशी किंकाळी मारली की लेथवरची सगळी माणसं कुणाचं बोट गेलं म्हणून धावत आली.

पुढची कामं भराभर झाली. टाकीच्या तळाशी एकतीस वर्षांचा डिझेलचा गाळ होता. तो खरवडून टाकी तीनदा धुतली, नळ्या बदलल्या, रेडिएटर जोडला, प्लगच्या वायरी ओढल्या. कचेरीतून कागदही हातात आला. दोन दिवस उरले असताना थोरलीनं चावी बाबांपुढे धरली. "तुम्हीच."

बाबा सीटवर चढले. सवयीनं चावी अर्धी फिरवून थांबले आणि ओठांतल्या ओठांत आकडे मोजू लागले. थंड डिझेल असं गरम होऊ द्यावं लागायचं.

"बाबा, याला थांबावं लागत नाही. फिरवा!"

त्यांनी फिरवली. एकदा घरघर झालं, आणि मग शांत. बाबांचं तोंड पडलं. त्यांनी पुन्हा चावी फिरवली तर समोरून अशी कर्कश किंचाळी आली की दोघी बहिणी कानांवर हात ठेवून ओरडल्या, "चालू आहे! चालू आहे ते!"

बाबांनी हळूच पाय दाबला. इंजिन गुरगुरलं. पाय सोडला. इंजिन कुजबुजलं. ते खाली वाकून डॅशबोर्डवर हात ठेवून राहिले. थरथर जवळजवळ नाहीच. "असं कसं?" ते पुटपुटले. "हे तर झोपलेल्या मांजरासारखं आहे." आणि मग, नऊ दिवसांत पहिल्यांदा, तोंडभर हसले.

थोरली आणि धाकटीनं नाचायला सुरुवात केली होती. "चला, फेरी मारू!"

"थांबा." बाबांचं हसू गेलं. त्यांचा पाय ब्रेकवर होता. "हा दगड झालाय. दाबतच नाही."

थोरली कपाळाला हात लावून मटकन खाली बसली. जुन्या इंजिनाला एक पंप होता. तो हवा ओढायचा आणि त्याच्या ओढीवर ब्रेक हलके व्हायचे. तो पंप इंजिनाबरोबर भंगारमामांकडे गेला होता. भोकं, दांडा, बुश सगळं मोजलं, आणि ब्रेकच विसरले!

"बाबा, फाटकातून बाहेर पडलो असतो तर..."

"पडलो नाही ना?" बाबा म्हणाले. "गाडी हलवायच्या आधी ब्रेक बघायचा, हे मला कुणी पुस्तकात वाचून सांगितलेलं नाही. आता सांग, या इंजिनात हवा कुठून ओढता येईल?"

पेट्रोलचं इंजिन स्वतःच हवा ओढतं, थोरली म्हणाली, त्याच्या तोंडाशीच एक नळी काढायची. भंगारमामांच्या त्याच अँब्युलन्समध्ये ती नळी आणि तिची एकमार्गी झडप जशीच्या तशी सापडली. ती बसवली बाबांनी. कुणालाही हात लावू दिला नाही. मग ब्रेकवर वीस वेळा पाय ठेवून पाहिला.

बहराच्या आदल्या संध्याकाळी पेट्यांच्या दारांना जाळ्या ठोकल्या, आणि उजाडता उजाडता चाळीस पेट्या लादून ट्रक निघाला. थोरलीची रजा संपली होती. ती फाटकात उभी राहून हात हलवत होती आणि ओरडत होती, "पळवा त्याला! गुदमरवू नका!"

सपाटीवर सगळं छान चाललं. घाट लागला आणि बाबांच्या हातांनी एकतीस वर्षांची सवय धरली. वरचा गिअर, हलका पाय, ट्रक आपला धुगधुगत चढेल. ट्रक हिसके देऊ लागला. इंजिन ठोकल्यासारखं टकटकलं.

"बाबा, गिअर खाली. आणि दाबा."

"ओरडेल ते."

"ओरडू दे की!"

बाबांनी दात आवळून गिअर खाली टाकला आणि पाय दाबला. इंजिन चढ्या आवाजात गाऊ लागलं. डिझेल असं ओरडलं असतं तर त्यांनी उडी टाकली असती. पण ट्रक थांबला नाही, उलट सीटनं त्यांना मागून ढकललं. एक वळण गेलं, दुसरं गेलं. पुढे सिमेंटनं भरलेला एक ट्रक काळा धूर सोडत चढत होता. जन्मभर असल्याच ट्रकांच्या मागे बाबांनी धूर खाल्ला होता.

चढाचा तुकडा सरळ होता, समोरून कुणी नव्हतं. बाबांनी धाकटीकडे पाहिलं.

"घ्या!" ती म्हणाली.

त्यांनी घेतला. सिमेंटच्या ट्रकशेजारून जाताना त्याच्या ड्रायव्हरनं मान वळवून या म्हाताऱ्या ट्रकाकडे डोळे फाडून पाहिलं, आणि बाबांनी साहेबासारखं एक बोट उचलून सलामी दिली. मग घाटमाथा येईपर्यंत बापलेक नुसती हसत होती.

बागेत झाडं पांढरीगुलाबी झाली होती. दरवर्षी पेट्या उतरवताना आतून संतापलेली गुणगुण यायची आणि बाबा दोन-चार डंख खाऊनच परतायचे. आज पेट्यांना कान लावला तरी आवाज मंद होता. इतक्या हलक्या प्रवासानं माश्या बिथरल्याच नव्हत्या.

बागेची मालकीण ट्रकभोवती एक फेरी मारून म्हणाली, "केवढी जुनी गाडी! आणि आवाज कसा नाही?"

बाबांनी बोनेट उघडलं. "या, दाखवतो. ही प्लेट बघितलीत? माझ्या थोरलीनं बनवलीये. मापात केसाचाही फरक नाही." मालकिणीनं घड्याळाकडे पाहिलं, पण बाबा आता नळीपर्यंत पोहोचले होते.

तोवर धाकटीनं एकेका पेटीची जाळी काढली होती. माश्या दाराशी आल्या, थोडा वेळ तिथंच घुटमळल्या, हवेत गोल फिरून त्यांनी जागा ओळखून घेतली आणि फुलांकडे झेपावल्या. चाळिसावी पेटी उघडून ती वळली, तेव्हा पहिल्या पेटीच्या उंबऱ्यावर एक माशी उतरत होती. तिच्या मागच्या पायांना फिकट पिवळा पराग चिकटलेला होता.