सुकेशनीच्या पोटातले आम्ही

मित्रांनो, मी एक जुना जंतू आहे. नाव ऐकून हात धुवायला पळू नका. जंतू म्हटला की आजार, असेच तुम्हाला शिकवलेले असते. पण देवाने माणसाचे पोट घडवले तेव्हा त्यात आम्हालाही थोडी जागा दिली. आम्ही कोट्यवधी आहोत. एकेकाचे आयुष्य काही तासांचे, पण एकातून दुसरा होतो, दुसऱ्यातून तिसरा, म्हणून मी स्वतःला जुना म्हणवतो.

मी सुकेशनीच्या आतड्यात राहतो. पिशोरजवळच्या एका वस्तीवर ती जन्मली, त्याच वेळी मी तिच्या आईकडून तिच्याकडे आलो. आमची रीतच तशी आहे. आईकडून लेकराला, लेकराकडून पुढच्या लेकराला. दागिने लग्नात मिळतात, आम्ही जन्मतःच मिळतो.

तिच्या माहेरी मेंढ्या होत्या, दोन गाई होत्या. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि वाटीभर ताक खाऊन ती वाढली, तसे आम्हीही वाढलो. तिला पचत नसे ते आम्ही पचवायचो. बाहेरून आलेल्या वाईट जंतूंना बसायला जागा द्यायचो नाही. आमचे नाव कोणी घेतले नाही, पण पोरीचे पोट कधी बिघडले नाही, हेच आमचे कौतुक.

तेराव्या वर्षी तिला पाळी आली आणि पाळीबरोबर दुखणे आले. गर्भाशयाच्या आत जसे अस्तर असते, तसे ठिपके आतड्याच्या बाहेरच्या अंगाला आणि आजूबाजूला उगवले होते. दर महिन्याला तेही सुजायचे, रक्ताळायचे, पण त्या रक्ताला बाहेर वाट नव्हती. आम्ही आतड्याच्या आत, ते बाहेर. मध्ये पातळशी भिंत. पलीकडची आग आम्हाला जाणवायची. एंडोमेट्रिओसिस हे त्या आजाराचे नाव आम्हाला फार उशिरा कळले.

दोन हजार बाराच्या दुष्काळात मेंढ्या विकल्या, गाई सरकारी चारा छावणीत गेल्या आणि सुकेशनीचे लग्न उरकले. ती शहराच्या कडेला हर्सूलला आली. नवरा अजिनाथ चितेगावला कंपनीत जायचा. घराभोवतीच्या शेतांत तोपर्यंत प्लॉट पडले होते, पाणी टँकरचे होते. भाकरीच्या जागी चहा-पाव आला. ताक तर दिसेनासेच झाले.

सासू पुतळाबाई कष्टाळू आणि श्रद्धाळू होत्या. मनाने वाईट नव्हत्या, पण दुखण्याला त्या किंमत देत नसत.

“लई दुखतंय, आत्याबाई. संडासला बी बसवत नाय.”

“पाळी काय जगात तुलाच येती व्हय? मी बाळंतपणाच्या पंधराव्या दिवशी मेंढरांमागं गेले व्हते.”

“मग मेंढरांनी तुला बक्षीस काय दिलं गं, आई?” अजिनाथ विचारायचा.

“तूच की! दुसरं काय मिळालं मला?”

सगळे हसायचे. सुकेशनीही हसायची, पोट धरून.

गल्लीतल्या डॉक्टरांना वाटे, टँकरच्या पाण्याने आतडे बिघडले. ते जंतू मारायच्या गोळ्या द्यायचे. मित्रांनो, त्या गोळ्यांनी कितीतरी जीव वाचवले आहेत, मी त्यांची निंदा करणार नाही. पण आमच्या दारी त्या चुकून आल्या, आणि पुन्हा पुन्हा आल्या. कोण सोयरा, कोण चोर, हे त्यांना ओळखता येत नाही. आमची घरेच्या घरे ओस पडली.

भादव्यात महालक्ष्म्या बसायच्या. सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील, सगळे सोवळ्यात. सुकेशनीची तारीख नेमकी त्यातच यायची, म्हणून पुतळाबाई मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणून तिला बारा दिवस द्यायच्या. त्या बारा दिवसांत सुकेशनीचे पोट दुखत नसे. ती चुलीपुढे तासन् तास बसायची, तरी एक कळ नाही!

“बघ, देवीनं हात फिरवला पोटावरून,” पुतळाबाई म्हणायच्या.

सुकेशनीला ते पटले. एवढ्याशा सेवेने देवी बिनदुखण्याचे बारा दिवस देते, तर आणखी केली तर वर्ष देईल, अजून न झालेले मूलही देईल. तिने सोळा सोमवार धरले, मंगळवार धरले, एकादशी निर्जळी केली. भक्तीबद्दल मी काय बोलू? देवाचे नाव घेताना तिचा श्वास किती संथ व्हायचा, ते आम्ही आतून अनुभवले आहे. पण उपाशी पोटी आमच्यातले उरलेलेही खंगत गेले, आणि भिंतीपलीकडची आग पसरत गेली.

टँकरच्या रांगेत शेजारच्या भामाबाई म्हणायच्या, “हंडा भरला बाई तुझा, घर कवा भरायचं?” सुकेशनी हंडा उचलून चालू लागायची.

अशा नऊ महालक्ष्म्या गेल्या. मग एकदा ती जिन्यात कोसळली, तेव्हा तिला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “दुखत नाही असं कधी होतं का?”

“महालक्ष्म्यांच्या टायमाला.”

“तेव्हा काय वेगळं असतं?”

सुकेशनी लाजली. पुतळाबाईंनीच सांगितले, “पाळी लांबवायच्या गोळ्या देते मी. सैपाकाला दुसरं कोण हाय?”

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवले. “आजी, या गोळ्या मनानं द्यायच्या नसतात. पण पाळी थांबली की पाळीवर पोसणारा आजारही गप्प बसतो. म्हणून दुखत नव्हतं. ही खूण दरवर्षी समोर होती.”

तपासण्या झाल्या, दुर्बिणीतून ऑपरेशन झाले. दोन्ही बीजकोश आतून खराब झालेले, नळ्या चिकटलेल्या. मुलाची आशा धरू नका, असे डॉक्टरबाईंनी हळू आवाजात सांगितले.

अजिनाथने मोबाइलवर काही वाचले होते. “पोटातले चांगले जंतू मेले, म्हणून झालं का हे?”

“शोध चालू आहे,” त्या म्हणाल्या. “या आजारात आतड्यातले जंतू थोडे वेगळे दिसतात. पण आधी काय बिघडलं, ते अजून कोणालाच खात्रीनं सांगता येत नाही.”

मित्रांनो, मलाही सांगता येत नाही. आम्ही विस्कटलो म्हणून आग वाढली, की आगीने आम्हाला विस्कटले? मी तिथेच होतो, तरी मला ठाऊक नाही. याचे फार वाईट वाटते.

बाहेर बाकावर सुकेशनी रडत होती. “माझी भक्तीच कमी पडली का, आत्याबाई?”

पुतळाबाईंनी तिचे डोके छातीशी धरले. “नाय गं माय. देवी दरसाल बोट ठेवून दाखवत व्हती. म्याच पाहिलं नाय.”

आता तिला नेमकी औषधे आहेत. दुखणे कमी आहे, गेलेले नाही. पुतळाबाई तिला रोज ताक देतात, आमच्यातले थोडे पुन्हा सावरले आहेत. पण पुढे जायला लेकरू नाही. तिच्या आईने, आजीने, पणजीने जपून दिलेले आम्ही सुकेशनीपाशीच संपू.

माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या घरात कोणी पोट धरून बसली, तर तिला कामचुकार म्हणू नका. तिच्याजवळ बसा. दुखते केव्हा आणि दुखत नाही केव्हा, दोन्ही विचारा. ती जे सांगेल ते डॉक्टरांपर्यंत न्या, आणि त्यावर पहिल्याच वर्षी विश्वास ठेवा.