कार्डावर न लिहिलेला बदाम

मुलीचा घसा बंद होत चालला होता आणि मी तिच्याकडे बघून कौतुकानं हसत होते. हे आधीच सांगून टाकते. पुढे स्वतःबद्दल जे काही बरं लिहीन, ते या वाक्याच्या खाली ठेवूनच वाचा.

मी सातवीला स्पॅनिश शिकवते. भाषेची पदवीबिदवी माझ्याकडे नाही. धाकटा शाळेत जायला लागला तेव्हा रद्दीच्या दुकानात एक पुस्तक आणि चार कॅसेट मिळाल्या, त्यावर शिकले, भांडी विसळता विसळता. माझ्या स्पॅनिशला अजून नळाचा आवाज येतो, असं नवरा म्हणतो. परीक्षा दिल्या, पास झाले, आणि शाळेनं तासांवर घेतलं. आठवड्यातून दोन दिवस.

जेवणाचा धडा माझा लाडका. नाश्ता, दुपारचं, रात्रीचं, फळं, ताटं, चमचे, सगळे मिळून चोवीस शब्द. धडा संपला की मी वर्गाचं हॉटेल करते. बाकं जोडून टेबलं, वर चादरी, काही मुलं गिऱ्हाईक, काही वेटर. नियम दोनच. हॉटेलात फक्त स्पॅनिश बोलायचं, आपल्या भाषेतला एक शब्द निघाला की टेबलाचा एक गुण गेला. आणि मेन्यूकार्डावर धड्यातलेच शब्द, म्हणजे कुणी अडखळायला नको. दोन्ही नियम माझ्या डोक्यातून निघालेले आणि दोन्हींचा मला भारी अभिमान.

एरवी आमच्या हॉटेलात प्लॅस्टिकची केळी आणि पुठ्ठ्याचे मासे असतात. या खेपेला तपासणीचे साहेब माझा तास बघायला येणार होते. त्यांना आवडला तर मला कायम करणार, असं मोठ्या बाई म्हणाल्या होत्या. म्हणून मी आदल्या दिवशी खरीखुरी तार्ता केली, तिकडचा केक. सासूबाईंनी कोपरा मोडून तोंडात टाकला.

"यात पीठ कुठंय गं? नुसता बदामच लागतोय."

"पीठ नसतंच त्यात. बदामाची पूड असते."

"मग साहेब कायम करतील बाई तुला. एवढा बदाम मला माझ्या बाळंतपणात कुणी घातला नाही."

संध्याकाळी कार्डं लिहायला बसले. तार्ता: उएवोस, आसूकार, लिमोन. म्हणजे अंडी, साखर, लिंबू. बदामाला आल्मेंद्रा म्हणतात. पण आल्मेंद्रा चोविसात नव्हता. पेन हातात धरून मी क्षणभर थांबले, हे मला चांगलं आठवतंय. मग म्हटलं, साहेबांसमोर कुणीतरी नेमकं त्यावरच अडकायचं. नकोच ते.

आता खारूताई. समोरच्या दोन दातांमुळे वर्गानं ठेवलेलं नाव, तिनंही हसत घेतलेलं. हुशार, पण अडली की पटकन आपल्या भाषेत विचारायची, "बाई, याला काय म्हणतात?" की गेला गुण. मग तिच्या टेबलावरचा लंबू कपाळावर हात मारायचा. "हिला आपल्या टेबलावर कुणी बसवलं?" तो तिच्या शेजारच्याच घरात राहतो, त्यामुळे भांडण शाळेत सुरू होऊन घरी संपायचं.

त्या दिवशी ती दारातच म्हणाली, "बाई, आज माझ्या तोंडून आपला एक शब्द निघणार नाही. बघाच तुम्ही."

"बघतेच," मी म्हटलं.

दप्तरांची अडचण नको म्हणून सगळ्यांची दप्तरं मी टोकाच्या संगीताच्या खोलीत ठेवायला लावली. साहेब मागे फाइल उघडून बसले. वेटर झालेली मॉनिटर हातावर नॅपकिन टाकून तार्ताच्या बशा घेऊन आली. खारूताईनं कार्डावर बोट फिरवत एकेक शब्द वाचला. परत वाचला. मग मॉनिटरला विचारलं, "के आय एन ला तार्ता?" तार्तामध्ये काय काय आहे?

हा प्रश्न मी शिकवलाच नव्हता. तिनं तो स्वतः जुळवला होता. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. साहेबांकडे बघितलं, त्यांनीही काहीतरी टिपून घेतलं. मॉनिटरनं कार्ड बघून खणखणीत उत्तर दिलं: अंडी, साखर, लिंबू. खारूताईनं मान डोलावली आणि खाल्लं.

थोड्या वेळानं तिनं पाणी मागितलं. "आग्वा, पोर फावोर." लगेच परत, "मास आग्वा." अजून पाणी. मी मान हलवून शाबासकी दिली. ती मान खाजवत होती. मग तिनं हात वर केला.

"ला क्वेंता, पोर फावोर."

म्हणजे, बिल आणा. बाकीच्या टेबलांचं अजून सूप चाललं होतं, म्हणजे रिकाम्या वाडग्यातून. साहेब हसले. "हिला घाई दिसतेय." मीही हसले.

"ला क्वेंता," ती माझ्याकडे बघून म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा आवाजच निघाला नाही, नुसते ओठ हलले. ते ओठ तिचे नव्हते. दुप्पट झाले होते. टेबल सोडून जायचंय, हे सांगायला तिच्याकडे मी दिलेलं तेवढं एकच वाक्य होतं.

आणि मी काय केलं? तिच्यासमोर वाकून विचारलं, "के पासा?" काय होतंय? स्पॅनिशमध्ये! आजही रस्त्यानं चालताना हे आठवलं की माझे पाय थांबतात.

"बाई, बदाम आहे का यात?" लंबू उभा राहून ओरडला. आपल्या भाषेत. "तिला नाही चालत! बदाम, अक्रोड, शेंगदाणे, काहीच! इंजेक्शनचं पेन असतं तिच्याकडे! दप्तरात!"

दप्तरं व्हरांड्याच्या त्या टोकाला होती. लंबू धावला. साहेबांनी फाइल जमिनीवर टाकली आणि अँब्युलन्सला फोन लावला. मॉनिटर शाळेच्या सिस्टरांना बोलवायला गेली. मी खारूताईला धरून बसले. तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता आणि एवढ्या माणसांत ती फक्त माझ्याकडे बघत होती. चोवीस शब्दांपैकी एकही माझ्या कामाचा नव्हता.

लंबूनं पेन हातात कोंबलं. "टोपण काढा. मांडीवर, बाहेरच्या बाजूला. कपड्यावरूनच. जोरात. आणि दहापर्यंत मोजा."

मी टोपण काढलं. तिनंच माझा हात धरून जागेवर नेला. मी दाबलं आणि मोजलं, आपल्या भाषेत, मोठ्यानं. सहाच्या पुढे काय येतं, ते मला आठवेना. वर्गानं सांगितलं.

दवाखान्यात दोन तासांनी डॉक्टर म्हणाले, धोका टळलाय, आजची रात्र इथेच ठेवू. जीव भांड्यात पडला म्हणतात, तसं काही झालं नाही. खारूताईची आई बाकावर बसली होती. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. तार्ता मीच केली. कार्ड मीच लिहिलं. आणि कुठल्या मुलाला काय चालत नाही, त्या यादीवर वर्षाच्या सुरुवातीला मी सही केली होती, न वाचता. तासावरच्या बाईला कशाला लागते यादी, असं वाटलं होतं.

"कार्डावर बदाम का नव्हता लिहिला?" तिनं विचारलं. आवाज चढला नव्हता.

"मुलांना तो शब्द अजून येत नव्हता."

"माझ्या मुलीला येतो. स्पॅनिश घेतलं त्या दिवशी तिनं सगळ्यात आधी तेच शब्द पाठ केले. बदाम, अक्रोड, शेंगदाणे. कुठल्याही हॉटेलात गेलो की ती आधी तेच शोधते. कार्डावर सापडले नाहीत, तरच खाते."

खारूताई कार्डावर दोनदा बोट फिरवत काय शोधत होती, ते मला तेव्हा कळलं. अडखळायची भीती होती ती मला एकटीला.

त्या संध्याकाळी मोठ्या बाईंना सगळं लिहून दिलं, सहीसकट. पुढचं त्यांनी ठरवायचं.

सकाळी परत गेले. खारूताई उशीला टेकून बसली होती, दात पुन्हा दिसायला लागले होते. आवाज घोगरा. "बाई, लंबू आपल्या भाषेत बोलला ना? आमचा गुण गेला?"

"नाही गेला. तो नियमच गेला."

पर्समध्ये ते कार्ड होतं. मी पेन काढलं आणि लिंबाखाली मोठ्या अक्षरात आल्मेंद्रा लिहून तिच्या हातात दिलं. तिनं बोट फिरवत शेवटपर्यंत वाचलं. मग माझ्याकडे बघितलं, एखाद्या मोठ्या माणसानं लहानाकडे बघावं तसं.

"आता लिहून काय उपयोग, बाई? मी खाल्ली की."