सुधारलेले दात

मी दात करते. लोकांचे पडलेले, काढलेले, किडून गेलेले दात परत करून देणं हा माझा आणि दादाचा धंदा. डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, आम्ही आमच्या छोट्या लॅबमध्ये दात घडवतो. पेशंट आम्हाला कधी बघत नाही, पण आम्हाला त्याचा जबडा आतून पाठ असतो. या कामात किळस वाटून चालत नाही. कुणाच्या तरी तोंडातून निघालेली, कडेला पिवळं कीटण चढलेली कवळी टेबलावर ठेवून मी शेजारी डबा खाल्लेला आहे. तरीही या वर्षी मला किळस आली, आणि ती अजून गेलेली नाही. ती दातांची नव्हती.

माझ्या मावशीच्या पुढच्या दोन दातांत फट होती. शिवाय त्यातला डावा दात किंचित आतल्या बाजूला वळलेला होता. त्यामुळे ती ‘स’ म्हणाली की त्यासोबत एक बारीक शीळ यायची. लहानपणी मी आणि दादा तिला मुद्दाम साठापासून पुढचे आकडे म्हणायला लावायचो आणि ती बिचारी शिट्या वाजवत म्हणायची. तिच्या आईला, म्हणजे आमच्या आजीला, ती फट अजिबात आवडत नसे. हसताना तोंड मीट, फोटोत दात दाखवू नकोस, असं तिने मावशीला इतकं घोकून घोकून सांगितलं होतं, की मावशीच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा ती पोट दुखत असल्यासारखी ओठ दाबून उभी आहे.

मावशीच्या नवऱ्याला आम्ही काका म्हणतो. काका घड्याळं दुरुस्त करायचे. गेल्या काही वर्षांत ते एकेक करून सगळं विसरले. दुकान विसरले, मला आणि दादाला विसरले, चमचा कशासाठी असतो तेही विसरले. मावशी तेवढी राहिली. तिला ते चेहऱ्याने ओळखत नसत, कारण कधीकधी ती समोर बसलेली असायची आणि ते तिलाच शोधत असायचे. पण ती बोलली, ती शीळ आली, की त्यांची मान वळायची. मग ते लहान मुलासारखे तोंड उघडायचे आणि तिच्या हातून जेवायचे. दुसऱ्या कुणाच्या हातून नाही. घरी ठेवलेल्या नर्सने प्रयत्न केला तर दातखीळ बसल्यासारखे जबडा मिटून घ्यायचे.

आणि मावशीच्या हिरड्यांनी दगा दिला. वरचे सगळे दात हलायला लागले, पू झाला, डॉक्टर म्हणाले आता काढावेच लागतील. मावशी दुखण्याला घाबरली नाही. तिने मला एकच विचारलं, “हे मला ओळखतील ना गं?”

“ओळखतील,” मी म्हणाले. “तुझे आहेत तसेच करून देते. फटीसकट. आजीच्या नाकावर टिच्चून.”

दात काढण्याआधी डॉक्टरांनी तिच्या तोंडात तो छोटा कॅमेरा फिरवला आणि तिच्या दातांची हुबेहूब आकृती आमच्या कॉम्प्युटरवर आली. पूर्वी अशा वेळी प्लास्टरचा साचा ओतत. आता तो कुणी ओतत नाही, आम्हीही नाही. आकृती आली की काम झालं. मी ती उघडून पाहिली. फट होती, वळलेला दात होता, त्याच्या टोकाचा उडालेला टवकासुद्धा होता. मी खूश झाले.

मग दात निघाले. हिरड्या भरून येईपर्यंत कवळी बसवता येत नाही, तेव्हा थांबणं भाग होतं. बोळक्या तोंडाच्या मावशीच्या बोलण्यात शीळ राहिली नाही आणि काकांनी तिच्या हातून जेवणं सोडलं. “या बाई कोण?” ते नर्सला विचारायचे. कसंबसं पाणी आणि दूध पोटात जायचं. गालांची हाडं वर आली. त्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की हे असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि नळी ते उपसून काढणार, म्हणून हातही बांधावे लागतील. मावशी म्हणाली, “माझे दात येईपर्यंत थांबा.” डॉक्टरांना वाटलं बाईचं डोकं फिरलंय.

आता त्या कॉम्प्युटरविषयी. दात आखण्याचा आमचा प्रोग्राम जुना होता आणि तो आम्ही जाणूनबुजून जुना ठेवला होता. दादाने तो सीडीवरून घातला होता, आमच्या वेगळ्या ड्राइव्हवर, आणि आपोआप बदलण्याची जेवढी म्हणून बटणं सापडली तेवढी बंद केली होती. कारण जुना प्रोग्राम होतं तसं दाखवायचा. नवा म्हणे हुशार होता, तो दात सुधारायचा. आम्हाला सुधारणा नको होत्या. पैसे आमचे, मशीन आमचं, टेबल आमचं. आमच्या कॉम्प्युटरवर काय असावं हे आम्ही ठरवलं होतं.

मावशीच्या हिरड्या भरत होत्या तेव्हाच एके दिवशी सकाळी दादाने कॉम्प्युटर चालू केला तर निळ्या पडद्यावर लिहून आलं: नमस्कार! आम्ही तुमच्यासाठी सगळं तयार ठेवलं आहे.

ऑपरेटिंग सिस्टिमने स्वतःला रात्रीतून बदलून घेतलं होतं आणि जाता जाता आमचंही घर आवरलं होतं. आमचा प्रोग्राम तिच्या दुकानातून आलेला नव्हता, म्हणून तो ‘असुरक्षित’ ठरवून काढून टाकला होता. त्याच्या जागी ‘शिफारस केलेला’ नवा बसवला होता. आमच्या सगळ्या फाइली नव्या प्रकारात बदलून स्वतःच्या कुठल्यातरी दूरच्या गोदामात हलवल्या होत्या. कशासाठी, तर त्या सुरक्षित राहाव्यात म्हणून.

मी मावशीची फाइल उघडली. टाइल्स बसवल्यासारखे एका रांगेत पांढरेशुभ्र दात. फट नाही. वळलेला दात सरळ. टवका गायब. खाली हिरव्या अक्षरांत: दोष दुरुस्त केले.

मी हेल्पलाइनला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकवून झाल्यावर एक गोड आवाजाचा माणूस आला.

“मॅडम, हे तुमच्या सुरक्षिततेसाठीच केलेलं आहे.”

“मला जुनी फाइल हवी आहे. होती तशी.”

“जुनी फाइल नव्यात बदलली गेली आहे, मॅडम. नवी जास्त चांगली आहे.”

“तुम्हाला हे करायला मी कधी सांगितलं?”

“तुमची परवानगी विचारली होती, मॅडम. माझ्यासमोर नोंद आहे.”

“विचारली होती. ‘आत्ता’ की ‘नंतर’, एवढंच विचारलं होतं. ‘नको’ असं बटणच नव्हतं.”

“बरोबर. तुम्ही ‘नंतर’ निवडलंत.” मग तो खरोखर समजावून सांगितल्यासारखा म्हणाला, “तर मॅडम, हे ते नंतर.”

मी फोन ठेवला आणि बेसिनवर जाऊन हात धुतले. का धुतले ते मला सांगता येणार नाही. चोर परवडला. चोर घरात शिरतो तेव्हा त्याला ठाऊक असतं की हे घर आपलं नाही, आणि जाताना तो टेबलावर हसऱ्या चेहऱ्याची चिठ्ठी ठेवत नाही. या लोकांचा तो गोडवा, ते ‘तुमच्यासाठी’, ती हिरवी अक्षरं, सगळं चिकट आहे. माणूस पायाखाली चिरडायचा आणि वर त्याला शुभेच्छा द्यायच्या. मला त्याची शिसारी येते, आणि ती मी लपवणार नाही.

दादाने दुसरी प्रत काढून ठेवली होती. पण ती ठेवलेला फोल्डरही त्याच गोदामाला जोडून टाकलेला, तिथलेही दात सुधारलेले. दातांच्या डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी केस पाठवल्यावर आकृती पुसून टाकलेली, जागा लागते म्हणून. फोटोंचे अल्बम काढले. सगळीकडे मावशी ओठ मिटून. मोबाइलच्या व्हिडिओतही कॅमेरा दिसला की ती बोलायचं थांबलेली. आजीने काम चोख केलं होतं.

शेवटी मी हाताने दात लावायला बसले. मेणाच्या पट्टीवर एकेक दात बसवायचा, पेशंटच्या तोंडात घालून बघायचा, परत काढायचा. डॉक्टरांनी मला दवाखान्यात शेजारी उभं राहू दिलं.

“साठपासून म्हण,” मी मावशीला म्हटलं. ‘स’ नीट येतो का हे बघायला आमच्या धंद्यात हेच म्हणायला लावतात.

“साठ, एकसष्ट...” शीळ नव्हती, नुसती फुसफुस. मी फट कमी केली. मग शीळ आली, पण जाड. दात थोडा वळवला. आता बारीक, पण कर्कश.

“जवळ आलं का?” मी विचारलं.

मावशीने जीभ दातांमागे फिरवली. “अगं, आधी जिभेला माहीत होतं. आता तीही विसरली. तूच सांग, तुला आठवतो ना माझा आवाज?”

मला वाटलं होतं आठवतो. पण इतक्या वेळा ऐकल्यावर मला खरा कुठला आणि मी केलेला कुठला हेच कळेना. दादाने एक निवडला, मी दुसरा. मावशीच्या हिरड्या सोलवटल्या होत्या आणि नळीची तारीख पक्की झाली होती. त्यातल्या त्यात बरा वाटला त्याची कवळी केली.

ती घालून मावशी घरी आली तेव्हा काका खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. मनगट इतकं बारीक झालं होतं की नर्सने त्यांचं घड्याळ काढून ठेवलं होतं. मावशी वाटी घेऊन त्यांच्या समोर बसली. मी आणि दादा दारात उभे राहिलो.

“अहो,” ती म्हणाली, “सूप आणलंय. सोसेल एवढंच गरम आहे.”

शीळ आली. काकांची मान वळली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं, आधी डोळ्यांकडे, मग तोंडाकडे. दादाने माझा दंड धरला.

“आमच्या हिच्या दातांतही अशीच फट आहे,” काका म्हणाले.

“अशीच?” मावशीने विचारलं.

“जवळजवळ.” ते अजून बघत होते. चेहरा उजळला होता. “बोलतेही साधारण अशीच. तुम्ही तिच्या बहीण का हो?”

मावशीने माझ्याकडे पाहिलं.

“हो,” ती म्हणाली.

“मग उभ्या का? बसा ना.” ती बसलेलीच होती. “येईल ती इतक्यात. आली की जेवतो आम्ही.”

“तिला उशीर होईल कदाचित. तोवर दोन चमचे घ्या.”

“छे, छे. ती आल्याशिवाय नाही.” आणि त्यांनी जबडा मिटून घेतला, अगदी सभ्यपणे, पाहुण्यांसमोर मिटावा तसा.

मावशीने चमचा वाटीत ठेवला. खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी, दाराकडे तोंड करून बसली.

“बरं,” ती म्हणाली. “मग मीही थांबते.”