धग म्हणतात ती मी

मी धग बोलतेय. हो, नुसता शब्द. लाल निखाऱ्याजवळ बसलात की हात न लावताही अंगाला जी लागते, ती मी. ज्वाळ दिसते, मी दिसत नाही. म्हणून माणसं मला फारशी मनावर घेत नाहीत.

पारोळ्याजवळच्या एका गावात शेवंताबाईच्या तोंडी माझा मुक्काम होता. म्हातारीची नजर गेलेली, पण चूल पेटली की विझली हे ती दारातूनच सांगायची.

चार वर्षांपूर्वी हिवाळ्यात घरी पाहुणे आले. निजायला जागा उरली ती एकाच खोलीत, तिथे भिंतीलगत आढ्यापर्यंत कापूस रचलेला. त्याच उबेत सून रूपानं दोन वर्षांच्या रत्नाला निजवलं, गुदमरू नये म्हणून खिडकी उघडी ठेवली. अंगणात मुलगा भिकन कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून भरताची वांगी भाजत होता. वारा सुटला. एक ठिणगी खिडकीतून आत गेली. कुणाचंच लक्ष नव्हतं.

कापूस लगेच भडकत नाही, आधी आतल्या आत धुमसतो. मी भिंतीपर्यंत पोचले आणि स्वतःच घाबरले. शब्दाला पाय कुठे असतात? कुणी उच्चारलं तरच मी धावणार.

त्याच भिंतीला बाहेरून टेकून बसलेली शेवंताबाई म्हणाली, "रूपा, धग लागी ऱ्हायनी."

"अंगणातली असेल, आई."

"अंगन मन्हा पुढे शे. हाई पाठले लागी ऱ्हायनी. पोरले काढ पहिले."

रूपा शहरातली, देवपूरची, शिकलेली. तिनं खोलीचं दार उघडलं. धूर नाही, ज्वाळ नाही, सगळं पांढरंशुभ्र. क्षणभर तिला सासूचा रागच आला. तरी तिनं पोर उचलली. तिच्या अंगाखालचा कापूस काळा पडला होता. ती उंबरा ओलांडते न ओलांडते तोच खोली भडकली.

शेवंताबाई गेल्याला आता वर्ष झालं. घरात मला उच्चारणारी रूपा एकटीच उरली आहे. रत्ना शाळेत जाते. तिच्या तोंडी चहा, ऊन, ताप, सगळ्याला एकच शब्द. बाबांनो, मला उच्चारत राहा. मी आगीच्या आधी येते, नंतर माझा काही उपयोग नाही.

आज रूपानं रत्नाचा तळहात तापल्या तव्यापासून वीतभर वर धरला आहे. "हात लावू नको. काय लागतंय, सांग."

रत्ना विचार करते. मी जीव मुठीत धरून वाट बघते.

"गरम," ती म्हणते.

रूपा हात सोडत नाही.