पाटावरचा पाना

ते एकोणीसशे एकोणसत्तर साल. पेणजवळच्या गडब गावच्या दिनानाथने लष्कराच्या लिलावातून चारही चाकांनी ओढणारा ट्रक घेतला होता. रोह्याच्या डोंगरातली तोडीची लाकडं खाली आणायला असलीच गाडी लागे. पावसाळ्यात तिच्या मागच्या डिफरन्शियलचे दात गेले. चाकांना फिरवणारा तो लोखंडी गोळा दिनानाथने आणि त्याचा जोडीदार मुसाने घरच्या खळ्यातच उघडला. नवे गिअर आले. दसऱ्याला पहिली खेप आणायची ठरली.

दिनानाथची बायको सरू चार दिवस दोघांना चहा पुरवत होती. दाताला दात नीट टेकतो का, ते बघायला मुसाने तिच्याकडे शेंदूर नि तेल मागितलं.

"मारुती बसवताय काय भावजी?"

"ह्यो पन डोंगरच उचलनार हाय, वयनी!"

खंडेनवमीला सकाळी दिनानाथ तेल आणायला पेणला गेला. मुसा गोळ्यातलं मोठं दातेरी चक्र बसवत होता. सरूने कोयते-विळे पाटावर मांडले नि ती पूजेला मुसाकडचे पाने-हातोडे न्यायला आली.

"वयनी, थांबा. आठ बोल्ट आवळायचे हायत."

"आज हत्याराला काम नाय. गेल्या नवमीला यांनी हातोडा उचलला नि बोट चेचलं. आनखी काय व्हायला हवंय?"

"अर्ध्या तासाचं काम, वयनी."

"उद्या करा."

"उद्या भैनीचं, मुनीराचं लगीन. आत्ताच्या यष्टीनं रोह्याला जायाचंय मला." मुसाने हसत मोठा पाना तिच्या हाती दिला. "हे आठ नुस्ते हातानं फिरवलेत. दिनूला सांगा, गोळा बसवन्याआधी घट्ट आवळ म्हनावं. इसराल?"

"इसरायला मी काय म्हातारी झाले?"

तिने पान्याला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. संध्याकाळी नणंद पोरांसकट आली. घर भरलं. दुसऱ्या दिवशी सरू पहाटेपासून वड्यांच्या कढईपुढे होती. दिनानाथने पाटावरची लागतील तेवढी हत्यारं उचलली, गोळा बघितला. आठही बोल्ट जागच्या जागी होते. मुसाने केलेलं काम पुन्हा तपासायची त्याला सवय नव्हती. त्याने गोळा बसवला, तेल भरलं. ट्रकला तोरण बांधलं, नारळ फुटला, नि गाडी गेली.

दुपारी सरू पाट उचलायला गेली. मोठा पाना तिथेच होता. कुंकू जसंच्या तसं, फूल जसंच्या तसं.

ती अनवाणी सडकेपर्यंत धावली. सडकेवर कोणी नव्हतं.

भरला ट्रक डोंगर उतरताना सैल बोल्ट निसटून दातांत अडकले. मागची चाकं जागीच धरली नि गाडी वळणावरून खाली गेली. लाकडांखालून दिनानाथला काढलं तेव्हा दोन्ही पाय निकामी झाले होते.

मुसा बहिणीचं लग्न टाकून दवाखान्यात आला. दिनानाथ शुद्धीवर होता.

"बोल्ट सैल ठेवून गेलास?"

मुसाने सरूकडे पाहिलं. "वयनी, तुमाला सांगितलंवतं ना मी?"

खाटेभोवती दिनानाथचे भाऊ उभे होते. नणंद उभी होती. सरूने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"मला कायच सांगितलं नाय," ती म्हणाली.

मुसा "बरं" म्हणाला आणि बाहेर जाऊन चपला घालू लागला.

ट्रक भंगारात गेला. मुसाला पेण-रोह्यात कोणी गाडीला हात लावू देईना. तो कुवेतला गेला नि तिथेच वारला. दिनानाथ अकरा वर्षं ओटीवर बसून राहिला. सडकेवरून गाडी गेली की मुसाला शिव्या घालायचा, आणि सरू त्याचे पाय पुसत ऐकायची. तिने त्याला शेवटपर्यंत सांगितलं नाही. तो गेल्यावर ती रोह्याला मुनीराकडे गेली. मुनीरा तांदूळ निवडत होती. सरूने सगळं सांगितलं. मुनीराने सूप खाली ठेवलं नाही.

"आता हे कुनाला सांगू मी?" एवढंच ती म्हणाली.

सरू पुढे पुष्कळ जगली. नवमीला ती कोयता पुजायची, विळा पुजायची. मोठा पाना माळ्यावर गंजत होता. तो तिने कधी खाली काढला नाही.