किल्लीचा शिक्का

“हे चमचे घासतं कोण?” मी विचारलं.

“मीच. दर रविवारी,” बाई म्हणाल्या, आणि पाठ थोपटून घ्यायला उभ्या राहिलेल्या मुलीसारख्या माझ्याकडे बघायला लागल्या.

मी भिंग परत डोळ्याला लावलं. काय बोलावं ते सुचत नाही तेव्हा मी असंच करतो. चांदीच्या दुकानात मागच्या टेबलाशी बसून जुन्या वस्तूंवरचे शिक्के ओळखायचे, हे माझं काम. सगळे मला भिंगकाका म्हणतात. बाई माझ्याच वयाच्या असतील, पण त्यांनीही आल्या आल्या मला काका करून टाकलं. आताशा मी वाद घालत नाही. दिवसभर वाकून मानेचा भुगा होतो, डोळ्यांतून पाणी गळतं, आणि येणारा प्रत्येक जण आपल्या पणजीचा डबा राजवाड्यातलाच आहे म्हणून सांगतो. बहुतेक वेळा नुसता मुलामा असतो. ते तोंडावर सांगायचं पाप माझ्या वाट्याला. मालक गल्ल्यावर बसून गोड हसतात.

हे पाच चमचे मात्र अस्सल होते. हातात घेताच कळलं. पण दांड्याच्या पाठीवर शिक्के हवेत, एक शुद्धतेचा आणि एक कारागिराचा, तिथे सगळं गुळगुळीत. तिरप्या उजेडात धरलं तर एकावर पुसट खळगा दिसायचा. बाकीचे कोरेच.

“चांदी खरी आहे, ताई,” मी म्हणालो.

“चांदीचं नका सांगू हो. मला कुठे विकायचेत? किल्ली दिसते का ते बघा.”

“कसली किल्ली?”

मग त्यांनी सांगितलं. चमचे त्यांच्या आईचे. आई म्हणायची, माझ्या वडिलांनी स्वतःच्या हाताने घडवले, माझ्या लग्नात दिले. त्यांचा शिक्का म्हणजे बारीकशी किल्ली, आणि तिच्या दोन बाजूंना त्यांच्या नावाआडनावाची अक्षरं. हे ऐकत बाई लहानाच्या म्हाताऱ्या झाल्या. आणि आई गेल्यावर भेटायला आलेल्या आत्या चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणाल्या, “कसले घडवतात? तिचा बाप सोनाराच्या दुकानात झाडू मारायचा. चमचे मालकाने दिले असतील दयेने.”

“आत्यांची जीभ म्हणजे कात्री आहे, मला माहीत आहे,” बाई म्हणाल्या. “पण माझा भाऊही म्हणाला, सोड ना ताई, आईला गोष्टी रचून सांगायची हौसच होती. आता मला झोप लागत नाही.”

“एवढं काय मनाला लावून घ्यायचं? आजोबा झाडू मारत असले म्हणून काय झालं?”

“झाडूचं काही नाही. मी स्वतः इस्पितळात चादरी धुण्याच्या विभागात जन्म काढला. लोकांची रक्ताची कापडं हाताळली.” चमच्यांखालचं पांढरं फडकं त्यांनी उगाचच सरळ केलं. “आईने मला आणखीही एक सांगितलं होतं. एक मुलगा होता. आई म्हणाली, त्याच्या घराण्यात वेड आहे, तू नाही म्हण. मी चौकशीसुद्धा केली नाही. आई खोटं कशाला बोलेल? नाही म्हणून टाकलं. मग लग्न राहिलंच.”

माझी मान दुखत होती ती आणखी दुखायला लागली.

“म्हणून किल्ली बघायची आहे,” त्या म्हणाल्या. “लहानपणी मी ती पाहिल्यासारखी वाटते. पण आठवणीचा काय भरवसा?”

“घासता कशाने?”

“आधी नुसत्या फडक्याने. मग आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. ती रविवारी चमचा तोंडासमोर धरायची आणि म्हणायची, चेहरा दिसत नाही गं, मळलेत. मी पुन्हा घासायची. तरी दिसायचा नाही. मग दात घासायची पावडर घेतली. तिने काय लख्ख निघतात! ऑपरेशनला ती शेवटपर्यंत तयार झाली नाही.”

दाताची पावडर म्हणजे चांदीवर कानसच. आईच्या डोळ्यांवरचा पडदा ही बाई वर्षानुवर्षं चमच्यांवरून घासून काढत होती. सांगायचं कसं? आजवर मी कुणाच्या पितळेला चांदी म्हटलं नाही, पण त्या दिवशी माझी जीभच उचलेना.

“सहावा कुठे आहे?” मी विचारलं. “असे चमचे सहा असतात.”

“भावाकडे. घर सोडताना घेऊन गेला. असेल कुठेतरी टाकलेला. त्याला कशाची पर्वा?”

“उद्या त्याला घेऊन या,” मी म्हणालो. एक दिवसाची पळवाट मिळाली, तेवढीच पुरे.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं आली. भाऊ लिफ्टदुरुस्तीचं काम करतो. खांद्याला हत्यारांची पिशवी, नखांत काळं. त्याने पिशवीत हात घालून पाने, पक्कड, वायरचं भेंडोळं असं एकेक माझ्या टेबलावर मांडलं आणि तळातून एक काळा, चिकट, वाकडा तुकडा काढला.

“अरे देवा! हे काय?” बाई म्हणाल्या.

“चमचा.”

“ते दिसतंय. त्याला लागलंय काय?”

“ग्रीस.” तो खाली बघत म्हणाला. “डब्यातून ग्रीस काढायला बरा पडतो, ताई. दांडा लांब आहे ना.”

“आईच्या चमच्याने ग्रीस काढतोस? लाज कशी वाटत नाही रे तुला?”

“रोज हातात तरी असतो,” तो पुटपुटला. “कपाटात नाही ठेवला.”

मी कापसाला जरासं रॉकेल लावलं आणि दांड्याच्या पाठीवर नखाएवढी जागा हलकेच पुसली. भिंग लावलं. मग भिंगाच्या जागी रुमाल लावावा लागला, कारण डोळ्यांना धार लागली होती. हे माझं रोजचंच आहे. त्या दिवशी थोडं जास्त होतं, एवढंच.

“बघा,” मी भिंग बाईंच्या हातात दिलं.

त्या बराच वेळ वाकून होत्या. किल्ली अगदी काल ठोकल्यासारखी होती. दात, कडी, दोन्ही बाजूंची अक्षरं, सगळं जागच्या जागी. ग्रीसने हवा लागू दिली नव्हती, आणि भावाने जन्मात कधी घासला नव्हता.

“आजोबांचीच अक्षरं,” त्या म्हणाल्या.

“झाडू मारणाऱ्याला स्वतःचा शिक्का मिळत नसतो, ताई,” मी म्हणालो. “आत्यांना खुशाल सांगा.”

चमचे खरे म्हणजे त्या मुलाबद्दलचंही खरं, असं काही नसतं. पण ते मी बोललो नाही. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण कितीतरी दिवसांनी उतरत होता, आणि तो उतरलेला मला बघायचा होता.

पण तो पुरता उतरलाच नाही. त्यांनी आपल्या पाचांतला एक उचलला, उलटा केला आणि काळ्या चमच्याशेजारी ठेवला.

“मग यांच्यावर का नाही?”

भावाने माझ्याकडे बघितलं. हत्यारं वापरणारा माणूस, घासल्याने काय झिजतं हे त्याला सांगावं लागत नाही. “शिक्का हलका बसला असेल,” तो घाईने म्हणाला. “होतं तसं. हो ना काका?”

“होतं कधी कधी,” मी म्हणालो. या टेबलावरचं माझं हे पहिलं खोटं. बोलताना अजिबात जड गेलं नाही.

बाई त्या गुळगुळीत पाठीवरून बोट फिरवत राहिल्या. कापडाचा डाग निघाला की कापडच विरलं, हे ज्यांना बोटांनी कळतं, त्यांना आम्ही काय फसवणार?

“आई सारखी म्हणायची, चेहरा दिसत नाही,” त्या हळूच म्हणाल्या. “म्हणून मी आणखी घासायची.”

गल्ल्यावर मालक कुणाशी तरी गोड हसत होते. भावाने हत्यारं पिशवीत भरली, पण काळा चमचा टेबलावरच ठेवला.

“ताई, हा तू ने. मला यांतला कुठलाही एक दे.”

“आणि ग्रीस कशाने काढशील?”

“दुसरा बघेन. स्टीलचा.”

मी चमचा पूर्ण स्वच्छ करून द्यावा म्हणून कापूस उचलला. बाईंनी माझा हात धरला. “असू द्या. पुसू नका.” आपलं पांढरंशुभ्र फडकं त्यांनी उलगडलं आणि तो चिकट चमचा त्यात तसाच गुंडाळला. ग्रीस लगेच बाहेर फुटलं. जन्मभर डाग काढत आलेल्या बाईंनी त्या डागाकडे बघितलं आणि पुरचुंडी मुठीत घेतली.

भावाने चार चमचे उचलून त्यांच्या पर्समध्ये ठेवले आणि पाचवा स्वतःच्या खिशात घातला. पैसे किती म्हणून विचारलं, तर मी हात हलवला. दोघं निघाली. दारापाशी बाई थांबल्या. मला त्यांची पाठ दिसत होती आणि कोपर दिसत होतं. कोपर हलत होतं. पुरचुंडीवरून अंगठा पुढेमागे, पुढेमागे फिरत होता, दर रविवारसारखा.

त्यांच्या ते लक्षात आलं. कोपर थांबलं. त्यांनी पुरचुंडी भावापुढे धरली.

“घरापर्यंत तू धर,” त्या म्हणाल्या. “माझ्या हाताला सवय आहे.”